संगणक जोडून घेताना : आधी काम सांगा, मग यंत्र मागा



गळीत हंगाम सरत आला आणि उसाची बिले खात्यावर पडू लागली, की गट ऑफिसात व बांधावर ठरलेल्या विचारणा सुरू होतात. खोडव्याला पाचट ठेवू का, बेणे कुठून आणू, खताची मात्रा किती. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, पोरीला कॉम्प्युटर घ्यायचाय. कुठला घेऊ?"

माझे शिक्षण कृषी पदविकेचे. संगणकाचा मी पंडित नव्हे. परंतु ऊसनोंद, तोडणीचा क्रम, माती परीक्षणाचे अहवाल ही सारी कामे आता संगणकावर चालतात. गट ऑफिसातील यंत्रे उघडताना, दुरुस्त होताना आणि नवी जोडली जाताना शेजारी बसून पाहिले, खोदून विचारले, त्यातले सभासदांच्या उपयोगाचे तेवढे येथे लिहीत आहे. सोसायटीचे कर्ज वळते होऊन जी रक्कम हातात उरते ती वर्षातून एकदाच येते. तिच्यातून घेतलेले यंत्र कामाला आले नाही तर दुसऱ्या यंत्रासाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते, आणि मुलीचे शैक्षणिक वर्ष काही थांबत नाही.

"कुठला घेऊ" ह्या प्रश्नाला थेट उत्तर नसते. "कुठली जात लावू" असे कोणी विचारले तर मी आधी उलट विचारतो, जमीन कसली, पाणी कसे, लागण कधी करणार? को ८६०३२ आपल्याकडे सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. पण खारवट-चोपण रानात फुले २६५ तग धरते. को सी ६७१ ची साखर चांगली म्हणून ती चोपणात लावा, असे कोणी शहाणा सांगणार नाही. संगणकाचेही तसेच आहे. वहीचे एक पान घ्यावे. यंत्रावर कोण बसणार, कोणती कामे करणार, कोणते प्रोग्रॅम चालवणार, यंत्र कुठे ठेवणार आणि तिथली वीज कशी, हे त्यावर लिहावे. हे पान हातात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

तयार, जोडलेला की लॅपटॉप?

कंपनीचा तयार संगणक एका खोक्यात येतो, हमी एकाच ठिकाणी मिळते आणि बहुधा पहिले वर्षभर माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था यांनी तोच घ्यावा असे माझे मत आहे, कारण तिथे यंत्र बिघडले की जबाबदार कोण हा प्रश्न आधी उठतो. जोडून घेतलेल्या, म्हणजे आपण ज्याला असेंबल म्हणतो त्या संगणकात प्रत्येक भाग आपण निवडतो. नको त्या भागावर पैसा जात नाही, आणि चार वर्षांनी एखादाच भाग बदलून यंत्र पुढे चालवता येते. मात्र हमी भागागणिक वेगळी असते. रॅम एका कंपनीची, एसएसडी दुसरीची. बिघडलेला भाग ओळखायचा कोणी आणि शहरातल्या सेवा केंद्रात न्यायचा कोणी, हे दुकानदाराशी आधी बोलून ठेवावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चार पैसे स्वस्त मिळेलही. पण एका बिघाडापायी दोन खेपा झाल्या की ते चार पैसे एसटीच्या तिकिटात जातात.

मुलगा किंवा मुलगी होस्टेलवर राहणार असेल तर मात्र लॅपटॉपच घ्यावा. पेटीएवढा संगणक दर सुट्टीला गावी आणायचा नसतो.

यंत्रातला पैसा कुठे घालायचा

यंत्राचे भाग आपल्या ठिबक संचासारखे आहेत. मोटर साडेसात अश्वशक्तीची, आणि पुढे फिल्टर कचऱ्याने तुंबलेला किंवा पाइप बारीक, तर शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. मोटर मोठी घेतल्याचा उपयोग शून्य. संगणकात प्रोसेसर म्हणजे मोटर म्हणावी. रॅम म्हणजे काम चालू असताना सामान मांडायची जागा. एसएसडी किंवा हार्ड डिस्क म्हणजे कोठार. यातला सगळ्यांत अरुंद भाग जो असेल, त्याच्या चालीने बाकीचे चालतात.

ह्याचे एक उदाहरण आपल्याच कार्यक्षेत्रात पाहिले. एका सभासदाचे कृषी सेवा केंद्र आहे. त्यांना बिले काढायची, टॅलीत हिशेब ठेवायचा, सातबारा आणि आठ-अ चे उतारे छापून द्यायचे, एवढेच काम. दुकानदाराने (नाव-गाव घेत नाही) त्यांना सातरंगी दिव्यांच्या पंख्यांचे काचेचे कॅबिनेट आणि खेळांसाठीचे भले मोठे ग्राफिक्स कार्ड दिले. कोठार म्हणून मात्र जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क बसवली. सकाळी यंत्र सुरू करून चहा घेऊन यावे तरी गाडी हलेना. पुढे एसएसडी बसवली, तेव्हा तेच यंत्र अर्ध्या मिनिटात उभे राहू लागले. ग्राफिक्स कार्डाला मात्र आजतागायत काम मिळालेले नाही. दिवे छान चमकतात, गिऱ्हाईक वाकून बघते, इतकेच.

तेव्हा हिशेब, बिले, ऑनलाइन अर्ज आणि पत्रव्यवहार एवढेच काम असणाऱ्याने साधा, पण अलीकडचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी घ्यावी. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. प्रोसेसरमध्येच पडद्यापुरती सोय असते. मात्र एक खूण पाहून घ्यावी : इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी 'एफ' अक्षर असेल तर त्यात ती सोय नसते, वेगळे कार्ड घ्यावेच लागते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये शेवटी 'जी' असेल तर ही सोय बऱ्यापैकी ताकदीची असते. वाचलेला पैसा प्रिंटर आणि यूपीएसकडे वळवावा.

इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलामुलींचे पान वेगळे. सिव्हिल, मेकॅनिकलवाल्यांना ऑटोकॅड, सॉलिडवर्क्ससारखे प्रोग्रॅम लागतात. कोणता प्रोग्रॅम शिकवणार हे कॉलेजातल्या सरांना विचारून, त्या प्रोग्रॅमची मागणी काय ती वाचूनच यंत्र ठरवावे. अशा कामाला रॅम १६ जीबी धरावी आणि प्रोसेसर निदान सहा कोअरचा. ग्राफिक्स कार्ड पहिल्या वर्षी नाही घेतले तरी चालते. पण मदरबोर्डावर त्याची जागा आणि रॅमची निदान एक खाच मोकळी राहील, आणि एसएमपीएस ते कार्ड ओढू शकेल, एवढे आधीच पाहावे. जाणकार सांगतात की १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या वेगाने चालतात. ते खरे आहे. पण मदरबोर्डावर दोनच खाचा असतील तर दोन्ही भरून जातात आणि पुढे वाढवताना आहे ती पट्टी काढून ठेवावी लागते. चार खाचांचा बोर्ड घेण्याइतके पैसे असतील तर ८-८ घ्याव्यात, नाहीतर एकच घेऊन दुसरी पुढच्या बिलाला बसवावी. डीडीआर ४ ची पट्टी डीडीआर ५ च्या खाचेत बसत नाही, हेही ध्यानी असू द्यावे; घरात जुनी पट्टी पडली आहे म्हणून ती नव्या बोर्डाला चालेलच असे नाही.

"अभ्यासाला ग्राफिक्स कार्ड लागतं" असे चिरंजीव म्हणाले तर कोणत्या विषयाला लागते, तेवढे प्रेमाने विचारून घ्यावे. कधी खरोखरच लागते. कधी विषयाचे नाव आठवायला वेळ लागतो.

तिसरे काम आता गावोगाव दिसते ते फ्लेक्सचे आणि लग्नाच्या व्हिडिओचे. वाढदिवस, निवड, यात्रा, कशाचाही फलक तयार करणारी होतकरू मुले आपल्या सभासदांच्याच घरातली आहेत, आणि त्यांचे पोट यंत्रावर आहे. इथे मात्र काटकसर महागात पडते. ३२ जीबी रॅम, चांगले ग्राफिक्स कार्ड, चालू कामासाठी वेगवान एसएसडी आणि जुने काम साठवायला वेगळी मोठी हार्ड डिस्क असावी. पडदा आयपीएस जातीचा घ्यावा, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग पालटत नाहीत. नवरीचा शालू पडद्यावर जांभळा आणि अल्बमात तपकिरी आला तर पैसे बुडतातच, पाहुण्यांत नावही जाते.

प्रोसेसरच्या नावाविषयी एक सूचना. 'आय ५ आहे' एवढे ऐकून खूश होऊ नये. आय ३, आय ५, आय ७ ह्या प्रती आहेत. पिढी कोणती ते पुढच्या आकड्यात असते. २०१३ साली आलेल्या आय ५-४५७० पेक्षा २०२२ साली आलेला आय ३-१२१०० कितीतरी चपळ आहे. शहरातल्या कंपन्यांनी काढून टाकलेली जुनी यंत्रे पुसून-पासून 'आय ५' म्हणून तालुक्याच्या बाजारात येतात. नुसते पत्रव्यवहाराचे काम असेल तर तीही चालतील, पण त्यांत एक मेख आहे. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, आणि विंडोज ११ रीतसर चालायला इंटेलची निदान आठवी पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करायचे, डिजिटल सहीचा टोकन लावायचा, ते यंत्र दुरुस्ती बंद झालेल्या विंडोजवर चालवू नये. दुकानदाराने फुकटात घालून दिलेली चोरीची विंडोजही नको. अस्सल परवाना बिलावर लिहून घ्यावा. तेवढे पैसे नसतील तर उबुंटूसारखी लिनक्स आणि लिब्रेऑफिस मोफत मिळतात. पत्रे, तक्ते, इंटरनेट हे सर्व त्यावर होते. टॅली आणि सॉलिडवर्क्स मात्र विंडोजच मागतात.

मराठी टंकनासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक असतोच, फक्त चालू करावा लागतो. तो शिकायला पंधरा दिवस लागतात, पण त्यावर लिहिलेला युनिकोड मजकूर कोणत्याही यंत्रावर आणि मोबाइलवर जसाच्या तसा दिसतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसते, हे सोसायटीच्या सचिवांना वेगळे सांगायला नको.

वीज, अर्थिंग आणि राख

शहरातल्या मासिकांत संगणकाविषयी पुष्कळ छापून येते, पण आपली वीज त्यांना माहीत नसते. म्हणून ह्या भागावर मी जरा रेंगाळणार आहे.

वस्तीवर राहणाऱ्या सभासदांचा अनुभव असा की, रात्री थ्री फेज आला की ऑटोवर टाकलेल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि घरातला बल्ब मिणमिणतो. त्या क्षणी संगणकाला काय वाटत असेल ते त्याच्या एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीजपेटीवर अवलंबून असते. ह्या पेटीवर लेबल असते. त्यावर १००-२४० व्होल्ट असे लिहिलेली पेटी दाब उतरला तरी सांभाळून घेते; २००-२४० लिहिलेली लवकर मान टाकते. वस्तीवर ठेवायच्या यंत्राला पहिलीच घ्यावी. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारी, नाव नसलेली, '४५० वॅट' असे ठसठशीत छापलेली पेटी घेऊ नये. तिच्या आकड्यावर भरवसा ठेवण्यासारखा नसतो, आणि ती जाताना कधी कधी मदरबोर्डालाही सोबत घेऊन जाते. ८० प्लस प्रमाणपत्राची, ओळखीच्या कंपनीची पेटी घ्यावी. दुकानदार जिथे सर्वात आधी पैसे वाचवतो ती जागा हीच.

यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे; साधारण ३६० वॅट धरावेत. साधे यंत्र आणि पडदा मिळून तेवढे ओढत नाहीत, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे मिळतात. ती काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी असतात, वीज येईपर्यंत मालिका बघण्यासाठी नाहीत. लेसर प्रिंटर यूपीएसला कधी जोडू नये. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, तो खर्च धरून ठेवावा. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का ते पाहावे, आणि मागे यूपीएस मोडचे बटन असेल तर तिकडे ठेवावे. नाहीतर वीज जाता-येता इन्व्हर्टरने घेतलेला क्षणभराचा वेळ संगणकाला पुरतो आणि तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

अर्थिंगकडे तर आपण फारच दुर्लक्ष करतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अनवाणी असले की जास्तच, अशी तक्रार पुष्कळांची आहे. "कॉम्प्युटरला करंट येतोय" म्हणून यंत्र दुकानात नेले जाते आणि तिथे काहीच सापडत नाही, कारण दोष घरात असतो. तीन पिनांच्या बोर्डात तिसरी वायर जोडलेलीच नसते, किंवा जोडलेली असून तिचे दुसरे टोक कुठल्या तरी खिळ्याला असते. यंत्र आणण्यापूर्वी वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. नसेल तर अंगणात ओलाव्याच्या जागी नीट अर्थिंग करून घ्यावे. संगणकाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे आणि तो घरातल्या माणसांच्याही जिवासाठी आहे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की पिन काढून ठेवावी, आणि तिच्याबरोबर इंटरनेटची वायरही. पुष्कळजण पिन काढतात आणि वायर विसरतात.

कारखान्याच्या आसपासच्या गावांना आणखी एक पाहुणा असतो. हंगामात चिमणीची राख आणि बगॅसचा भुसा खिडकीतून आत येतो, आणि संगणकाचे पंखे तो ओढून घेतात. कॅबिनेट घेताना पुढची जाळी काढून धुता येते का ते पाहावे. मागच्या मोकळ्या खाचांच्या पट्ट्या काढून टाकू नयेत, त्या फटीतून पाली आणि झुरळे आत जातात. उंदराने वायर कुरतडली तर ती हमीत बसत नाही. यंत्र जमिनीवर न ठेवता वीतभर उंच ठेवावे. हंगाम संपला की एकदा ब्लोअर मारून घ्यावा. मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, गरगर फिरू देऊ नये.

भाव आणि बिल

रुपयांचे आकडे मी मुद्दाम देत नाही. हा अंक छापून हातात पडेपर्यंत ते बदलतात. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर एकदम चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठाल्या केंद्रांनी मेमरी उचलायला सुरुवात केली. तेव्हा आपल्या पानावरून भागांची यादी करावी, कंपनी आणि मॉडेलसह तीन दुकानांतून लेखी दर मागवावेत आणि ओळीला ओळ लावून पाहावे. एकूण रकमेची तुलना फसवी असते. जो स्वस्त सांगतो त्याने बहुधा वीजपेटी किंवा एसएसडी हलकी घातलेली असते.

पक्क्या बिलाचा आग्रह धरावा. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे आणि 'बिल नको असेल तर एवढे कमी' असे सांगितले जाते. पण बिल नाही तर हमी नाही. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. ज्यांचे जीएसटी नोंदणीचे दुकान आहे त्यांनी आपला नंबर बिलावर टाकावा, धंद्यासाठीच्या यंत्रावरचा कर नियमाप्रमाणे वजा मिळू शकतो.

जोडणी आपल्या डोळ्यांदेखत, सीलबंद खोकी फोडून करायला सांगावी. दोन-तीन तास जातात, पण बेणेमळ्यातून बेणे आणताना आपण डोळे तपासतोच की. यंत्र सुरू झाल्यावर रॅम किती दिसते, एसएसडी किती दिसते, विंडोज सक्रिय झाली का हे पडद्यावर दाखवायला लावावे आणि तासभर चालू ठेवावे. पैसे नंतर द्यावेत. भागांची रिकामी खोकी दुकानात सोडू नयेत, हमीच्या वेळी ती मागतात. मोठे ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून वेगळे बांधून घ्यावे. आपल्या रस्त्यांच्या हादऱ्याने त्याच्या वजनाने बोर्डावरची खाच निखळते. पडदा त्याच्याच खोक्यात, उभा ठेवून न्यावा, आणि मोटारसायकलवर मांडीत धरून नेण्यापेक्षा त्या दिवशी जीप सांगावी.